बिनम्होरक्याची माणसं

टेकाळीच्या पोलीस ठाण्यात फौजदार यायचे आणि जायचे. जमादार पुंजाराम तुपे मात्र अंगणातल्या लिंबासारखा तिथंच रुजून बसला होता. मिशा मोठ्या, आवाज मिशांना शोभेल असा, आणि राग मात्र अगदी बेताचा. चोर पकडला तरी आधी त्याला भाकरी खाल्ली का ते विचारायचा. त्यामुळं टेकाळीतल्या चोऱ्या काही कमी झाल्या नाहीत, पण चोर पळून जात नसत.

मोठा दुष्काळ सरला, त्यानंतरचा हा दुसरा हिवाळा. ज्वारी हुरड्यात आली होती. अशा एका सकाळी त्रिंबक धनगर ठाण्यात आला. गावाबाहेर मोरदरीच्या तोंडाशी त्याची वस्ती. म्हातारा बाप सूर्यभान, आई बानाबाई आणि मेंढरं, एवढा त्यांचा संसार.

"जमादार, दरीत माणसं उतरलीत," त्रिंबक म्हणाला.

"मग उतरू दे की. दरी काय तुझ्या बापाची हाय?"

"गोरी हायेत. लई हायेत. केस बायांसारखे, दाढ्या बैराग्यांसारख्या. आन् दोघं-तिघं नदीत तसेच..." पुढचं त्यानं हातानंच सांगितलं.

"तसेच म्हंजे?"

"आईच्या पोटातनं आले तसे. मेंढरं बुजली ना माझी!"

आतल्या खोलीत खुर्ची सरकली आणि फौजदार नानासाहेब औताडे दारात आले. पडेगावचं हे पंचविशीतलं पोरगं, प्रशिक्षण संपवून थेट टेकाळीत येऊन पडलेलं. वर्दीची इस्त्री अशी की कडेनं बोट कापावं. आल्यापासून एक कोंबडीचोर आणि एक हरवलेली म्हैस, एवढंच काम त्यांच्या वाट्याला आलं होतं. त्यात म्हैस आपली आपणच परत आली होती.

"हिप्पी!" फौजदार म्हणाले. सासरहून मांडवपरतणीचं बोलावणं आल्यासारखा त्यांचा चेहरा खुलला. "जमादार, बेकायदा जमाव कसा पांगवायचा, ठाऊक आहे ना? आधी म्होरक्या उचलायचा. म्होरक्या उचलला की बाकीचे आपोआप पांगतात. जा, म्होरक्याला घेऊन या."

पुंजारामनं सॅल्यूट ठोकला आणि सायकल काढली.

वस्तीपाशी सायकल ठेवून तो दरीत उतरला. खाली नदीच्या कडेला उंबराच्या सावलीत चादरी बांधून राहुट्या केल्या होत्या. तीन दगडांवर लग्नातल्यासारखं पातेलं चढलं होतं. शंभरेक माणसं असतील. कोणी लाकडं फोडतंय, कोणी बासरी वाजवतंय, कोणी नुसतंच आभाळाकडं बघतंय. पुंजारामला बघून पळापळ होईल असं त्याला वाटलं होतं. झालं भलतंच. सगळ्यांनी हात जोडले, आणि एक म्हातारी गोरी बाई पुढं येऊन त्याला कडकडून भेटली. वर्दीत असताना आजवर त्याला कोणी मिठी मारली नव्हती. वर्दी नसतानाही फारशी नव्हतीच.

तेवढ्यात एक उंच, उन्हानं तांबूस झालेली बाई आली. कपाळाला रुपयाएवढं कुंकू. दोन-तीन वर्षं बनारसला राहून हिंदी शिकली होती. हिंदी बरी होती, फक्त बाई असून बोलायची पुरुषासारखी.

"आओ, जमादारजी! मैं गंगा. मैं बहुत खुश हो गया!"

"तुम्हारा मुखिया कौन है?" पुंजारामनं आवाज चढवून विचारलं.

"कोई नहीं."

"अरे बाई, बडा कौन है? सबसे बडा?"

गंगानं मान वळवून सगळ्यांवरून नजर फिरवली आणि एका ताडमाड माणसाकडं बोट दाखवलं. पुंजाराम लगबगीनं गेला आणि त्याचं मनगट धरलं. तो माणूस खूश होऊन हसला. चौकशी केल्यावर कळलं, तो फक्त उंचीनं मोठा होता आणि त्याच्याकडं संडासाचे खड्डे खणायचं काम होतं.

"याचं नाव काय?"

"शांति."

"आन् त्याच्या पलीकडचा?"

"वो भी शांति. हमारे में तीन शांति हैं. राम दो हैं. एक राम लड़की है."

पुंजारामनं टोपी काढून डोकं पुसलं. "आता हे तुमचं इथं चाललंय काय?"

गंगा म्हणाली, जगात फार लढाया चालल्यात, म्हणून आम्ही सगळे पौर्णिमेपर्यंत इथं शांततेसाठी बसणार. पुंजारामला वाटलं, लढाया तिकडं आणि बसणार मोरदरीत, म्हणजे दुखणं म्हशीला आणि डाग पखालीला. पण बाई इतक्या सरळपणे सांगत होती की त्याला ते तोंडावर म्हणवेना.

"जो बोलना है, सबको बोलो," गंगा म्हणाली. "अभी गोल बैठेंगे. जिसके हाथ में काठी, वो बोलेगा. बाकी सब सुनेंगे."

हा नियम पुंजारामला लगेच पटला. त्याच्या खात्यातही हेच चालायचं. काठी आपल्याकडं आली की 'दरी खाली करा' असं एकदा खणखणीत सांगायचं आणि म्होरक्याचा तेवढा विषय फौजदारांवर सोडायचा, असं ठरवून तो मांडी घालून बसला. सगळ्यांनी एकमेकांचे हात धरले. त्याच्या एका हाताला गंगा, दुसऱ्या हाताला खड्डेवाला शांती. आजवरच्या नोकरीत पुंजारामनं माणसांचे हात धरले ते बेड्या घालायला. नुसता धरलेला हात किती वेळ धरायचा, हेही त्याला कळेना.

मोरपीस बांधलेली काठी फिरू लागली. कोणी बोलत बोलत रडलं. कोणी काहीच बोललं नाही, नुसती काठी छातीशी धरून बसलं, तरी बाकीचे तितकंच मन लावून ऐकत राहिले. ऊन कलंडलं. शेवटी काठी पुंजारामच्या हातात आली. तो उठून उभा राहिला, घसा खाकरला, आणि समोर बघितलं. सगळी माणसं त्याच्याकडं बघत होती. टेकाळीत जमादार बोलायला लागला की लोक दुसरीकडं बघत. इथं शंभर डोकी तोंड मिटून वाट बघत होती, की हा आता काय सांगतोय.

आणि पुंजारामच्या तोंडून दरी खाली करायचं काही निघेचना.

"मी लई जत्रा बघितल्या," तो मराठीत म्हणाला. "सगळ्या बंदोबस्तात. बंदोबस्ताच्या पोलिसानं गर्दीकडं तोंड करायचं असतंय. म्हंजे पालखी माझ्या पाठीमागनं जाती. कुस्ती पाठीमागं, तमाशा पाठीमागं. आमच्या भागातल्या सगळ्या देवांना मी पाठच दाखवलीया. बायको विचारती, पालखी कशी होती? काय सांगू? लोकांची तोंडं सांगतो. लोकं हसले तर म्हणतो, चांगली होती."

एवढं बोलून तो थांबला. आपण हे का बोललो, त्याचं त्यालाच कळेना. ऐकणाऱ्यांना तर अक्षरही समजलं नव्हतं. पण मघाची म्हातारी बाई डोळे पुसत होती आणि तिन्ही शांती मान डोलावत होते. पुंजाराम खाली बसला. छातीवरचं ज्वारीचं पोतं कोणीतरी उतरवून घेतल्यासारखं त्याला वाटलं. मग पानावर खिचडी आली. ती त्यानं दोनदा मागून घेतली.

ठाण्यात परतला तर फौजदार दारातच उभे.

"कुठंय म्होरक्या?"

"न्हाईच साहेब."

"पळाला?"

"न्हाई, म्हंजे मुळातच न्हाई."

"जमादार, शंभर माणसं म्होरक्याशिवाय एका जागी राहतीलच कशी? मेंढरांत म्होरक्या असतो! आणि तुमच्या मिशीला ते काय लागलंय?"

पुंजारामनं मिशीवर हात फिरवला. खिचडीतला वाटाणा होता.

फौजदारांनी ठरवलं, आता आपणच जायचं. ठाण्याला जीप नव्हती, म्हणून सांडू गायक्याचा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट मागवला. दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार ट्रॅक्टरच्या मडगार्डवर, सांडू स्टेअरिंगवर, आणि पुंजाराम चार शिपायांसह ट्रॉलीत, असा लवाजमा धुरळा उडवत निघाला. वस्तीपाशी सूर्यभान म्हातारा चिलीम ओढत बसला होता. शिपाई बघून तो ताडकन उठला.

"पोलीस ॲक्शन लागली का काय पुन्हा?"

"न्हाई बाबा, हिप्पी धराया चाललोय," पुंजाराम ओरडला.

"निजामाच्या बारीला नाव पोलिसाचं व्हतं आन् आलती मिल्ट्री," म्हातारा बानाबाईला म्हणाला. "या बारीला खरेच पोलीस आलेत, तर टॅक्टरात! चल, बघू तरी."

खाली सगळे गोल करून, हात धरून बसले होते आणि डोळे मिटून एका सुरात 'ओम्' म्हणत होते. दरी सगळी मधाच्या पोळ्यासारखी घुमत होती. फौजदारांनी जमाव बेकायदा असल्याचं मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत जाहीर केलं. कोणी डोळे उघडले नाहीत.

"हात सोडवा यांचे!" फौजदार कडाडले.

शिपाई पुढं झाले. बन्सी नावाच्या शिपायानं दोघांचे हात ओढून मोकळे केले. मोकळे झाल्याबरोबर त्या दोघांनी एकेका बाजूनं बन्सीचाच हात धरला, अगदी मायेनं, आणि डोळे मिटून पुन्हा 'ओम्' सुरू केलं. बन्सीनं हिसका मारून बघितला. सुटेना. त्याला सोडवायला दुसरा शिपाई गेला, तोही गुंफला गेला. बघता बघता चारी शिपाई त्या गोलात असे बसले, जणू त्यांनाही आवतण होतं. फौजदारांनी शिट्टी काढून जोरात वाजवली. त्यासरशी पलीकडून ढोलकी सुरू झाली आणि बासरीवाल्यानं शिट्टीचा सूर बरोबर उचलला. फौजदारांनी शिट्टी खिशात टाकली.

"जमादार! झडती घ्या. नशापाणी सापडेल."

पुंजारामनं राहुट्या धुंडाळल्या. कणीक, कांदे, बटाटे, तीळ आणि एक फुटकी सतार निघाली. सगळ्या दरीत चिलीम सापडली ती एकच, आणि ती सूर्यभानच्या तोंडात होती.

फौजदारांचा चेहरा मिरचीसारखा झाला. "अटक! सगळ्यांना अटक! चढवा ट्रॉलीत!"

गंगानं हे सगळ्यांना समजावून सांगितलं. पुंजारामला वाटलं, आता तरी हे लोक बिथरतील. पण ते टाळ्या वाजवत उठले आणि ट्रॉलीत जागा धरायला धावले. ट्रॉली भरली. निम्म्याहून जास्त माणसं खाली राहिली आणि हिरमुसली.

"बाकी हम भी अरेस्ट होगा," गंगा म्हणाली. "सब जाएगा, या कोई नहीं जाएगा. हम लोग पीछे-पीछे चलता है."

अशी ती अटक निघाली. पुढं ट्रॅक्टर, त्याच्या मडगार्डवर ताठ बसलेले फौजदार, मागं ट्रॉलीत गाणारे आरोपी, त्यामागं ढोलकी, बासरी, बांबूला बांधलेलं पांढरं धोतर आणि नाचत येणारे उरलेले आरोपी. वेशीत शिरल्यावर टेकाळीला काय कळायचं? लोकांना वाटलं, फौजदारांनी कुठला तरी मोठा साधुसंतांचा मेळा गावात आणलाय. कोणी तरी हार आणून फौजदारांच्या गळ्यात घातला. वेशीजवळच्या साळूबाईनं ट्रॅक्टरच्या चाकावर तांब्याभर पाणी ओतलं. पुंजारामची बायको द्वारकाबाई दारात उभी होती. तिनं विचारलं, "अवं, कसली मिरवणूक म्हणायची ही?"

"अटक हाय," पुंजाराम हळूच म्हणाला.

"मग एवढ्या माणसांनी जेवायचं काय?" द्वारकाबाई म्हणाली आणि चुलीकडं वळली.

ठाण्यात कोठडी एक. तीत चार माणसं उकिडवी बसू शकत, आणि सध्या तिथं खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. शंभर माणसं अंगणात लिंबाखाली उतरली. घटकाभरात चूल पेटली, विहिरीवर बादल्या वाजू लागल्या, आणि कोणीतरी ठाण्याच्या पायऱ्या झाडून त्यावर रांगोळीसारखं काहीतरी काढलं. मोरदरी रिकामी झाली होती. पण सगळी मोरदरी आता ठाण्यात आली होती.

फौजदार आतल्या खोलीत गेले आणि डोकं धरून बसले. गुन्हा काय दाखवायचा? एवढ्यांना ठेवायचं कुठं? घालायचं काय? शेवटी त्यांनी पुंजारामला आत बोलावलं. आवाज खाली आला होता.

"जमादार, त्यांना म्हणावं, सुटलात. जा."

पुंजाराम बाहेर जाऊन गंगाशी बोलला आणि खालमानेनं परत आला.

"साहेब, जायचं तर त्यांचं एकमत व्हावं लागतंय. काठी फिरवणार म्हणत्यात. त्यातला तिसरा शांती जायला राजी न्हाई. म्हणतो, या लिंबाखाली झोप चांगली लागंल."

"मग त्याला एकट्याला उचला!"

"उचलला तर सगळे उचलावे लागतील."

फौजदार स्वतः बाहेर आले. तुम्हाला जे सांगायचं ते काठी आल्यावर सांगा, असं गंगानं त्यांनाही नम्रपणे समजावलं. दुसरा इलाज नव्हता. इस्त्रीची वर्दी सांभाळत, गळ्यातला हार तसाच ठेवून, फौजदार नानासाहेब औताडे जमिनीवर मांडी घालून बसले. एका हाताला पुंजाराम, दुसऱ्या हाताला ती मिठी मारणारी म्हातारी.

इकडं गावात दुसराच घोळ झाला होता. कोण्या शहाण्यानं टपालकचेरीतून फोन लावून जिल्ह्याला कळवलं, की टेकाळीच्या ठाण्याला शेकडो गोऱ्यांनी वेढा दिलाय आणि फौजदार आत अडकलेत. त्यामुळं काठी हळूहळू फिरत फिरत फौजदारांपाशी आली, त्यांनी ती मोकळ्या हातानं धरली, बोलायला तोंड उघडलं, आणि नेमकी तेव्हाच जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांची जीप फाटकात शिरली. मागं बंदूकवाल्या पोलिसांचा ट्रक.

मोठे साहेब उतरले. केस पिकलेले, निजामाच्या अमलापासून खाकी अंगावर. राग आला की ते उर्दूत शिरत.

"ये क्या तमाशा है?"

फौजदारांच्या तोंडचं पाणी पळालं. उभं राहावं तर म्हातारी हात सोडेना. काठी हातात, हार गळ्यात, तोंड उघडंच. तेव्हा पुंजाराम उठला, टाचा जुळवल्या आणि सॅल्यूट ठोकून म्हणाला, "साहेब, शांतता समितीची बैठक चाललीया."

दर सणासुदीला ठाण्यात गावच्या पुढाऱ्यांना बोलावून शांतता समिती भरवायची, हा खात्याचा शिरस्ता. टेकाळीच्या समितीला आजवर चहापुरते चार-पाच जण जमत आणि चहा संपला की भांडत निघून जात. मोठ्या साहेबांनी अंगणावरून नजर फिरवली. शंभर माणसं हात धरून गप्प बसली होती. त्यांच्यात चार शिपाई, ट्रॅक्टरवाला सांडू, साळूबाई आणि पिठल्याचं पातेलं घेऊन आलेली द्वारकाबाईसुद्धा.

साहेबांच्या मिशीचं टोक हललं. हसू होतं की राग, कोणाला कळलं नाही. "ठराव काय झाला?"

"एकमत व्हायचंय साहेब. एक जण राहिलाय."

"औताडे, यांचा गुन्हा काय?"

फौजदारांनी तोंड मिटलं, पुन्हा उघडलं. "साहेब... यांना म्होरक्या नाही."

"हा गुन्हा कोणत्या कलमाखाली येतो?"

यावर फौजदार काय म्हणाले असते कोण जाणे. तेवढ्यात फाटकातून बानाबाई आली, पदर खोचलेला, हातात काठी, आवाज अंगणभर.

"कोण हाय रे इथला कारभारी? सगळे उठून आलात, मागं राखायला एक माणूस ठिवला व्हता का? माझी मेंढरं शिरली ना तुमच्या राहुट्यात! समदी कणीक खाल्ली त्यांनी! फुगलीत, धाप लागलीया, एकेक जण खाली बसाया लागलंय! बसलेलं मेंढरू मरतंय, ठाव हाय का?"

पुंजारामनं ते गंगाला हिंदीत सांगितलं, गंगानं इंग्रजीत ओरडून सांगितलं. काठी फिरायची राहिली, एकमत व्हायचं राहिलं. शंभर माणसं एका दमात उठली आणि फाटकातून दरीकडं धावत सुटली. सगळ्यांत पुढं तिसरा शांती. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच ठाण्याचं अंगण मोकळं.

"जमादार," मोठे साहेब म्हणाले, "बाईंना जीपमध्ये घ्या. आणि ट्रक मागं येऊ द्या."

मोरदरीत मेंढरं ठिकठिकाणी पखालीसारखी फुगून उभी होती. त्रिंबक एकटा या मेंढराकडून त्या मेंढराकडं पळत होता. बानाबाई जीपमधून उतरली ती हुकूम सोडतच. ज्याला जे सापडेल ते मेंढरू धरा, गोडं तेल पाजा, पोट चोळा आणि हिंडवा, अजिबात बसू देऊ नका. हिप्प्यांच्या स्वयंपाकातला तेलाचा डबा कामी आला. गंगानं एक मेंढी धरली, खड्डेवाल्या शांतीनं एक दांडगा मेंढा. मेंढरं माणसांहून जास्त होती, म्हणून बंदूकवाल्यांनी बंदुका ट्रकात ठेवून एकेक मेंढरू घेतलं. फौजदारांच्या वाट्याला एक अडेल मेंढी आली. ती चालेना. त्यांनी आधी तिला हुकूम दिला, मग विनवलं, मग गळ्यातला झेंडूचा हार काढून तिच्या तोंडापुढं धरला, तेव्हा ती चालू लागली.

सूर्य खाली उतरेपर्यंत मोरदरीत हाच कार्यक्रम चालला. नदीकाठानं दाढीवाले, कुंकूवाले, खाकीवाले, सगळे आपापलं मेंढरू घेऊन येरझाऱ्या घालत होते. वाटेत भेटले की एकमेकांच्या मेंढराची चौकशी करत होते. "तुझं कसंय?" "ढेकर दिली." "चांगलं झालं." पुंजाराम मोठ्या साहेबांच्या शेजारून चालला होता. साहेबांच्या हातातही एक काळी मेंढी होती. त्यांनी बूट काढून ठेवले होते.

"वाह," साहेब स्वतःशीच म्हणाले. "बरसों बाद."

त्यांनी पोरपणी मेंढरं राखली असावीत, हे पुंजारामनं त्यांच्या अनवाणी चालीवरून ओळखलं.

एक म्हातारी मेंढी तेवढी दगावली. बाकीची उभी राहिली. बानाबाई थकून दगडावर बसली आणि पहिल्यांदा हसली. "दांडगे हायेत पर कामाचे हायेत," ती म्हणाली. मेलेल्या मेंढीबद्दल हिप्प्यांना इतकं वाईट वाटलं की त्यांनी तिच्यासाठीही गोल केला. सूर्यभान चिलीम बाजूला ठेवून त्यात जाऊन बसला.

निघताना मोठ्या साहेबांनी एवढंच सांगितलं, की पौर्णिमेपर्यंत बसायचं असेल तर बसा, नदीत आंघोळीला कपडे घालून उतरा, आणि पौर्णिमेनंतर जमादार तुम्हाला घाटापर्यंत पोचवून देईल. मग त्यांनी फौजदारांच्या खांद्यावरची लोकर झटकली.

पौर्णिमा झाली. राहुट्या उतरल्या, खड्डे बुजले. पुंजाराम सायकल हातात धरून त्यांच्याबरोबर घाटमाथ्यापर्यंत चालत गेला. खाली खानदेश पसरला होता. गंगानं त्याचे दोन्ही हात धरले.

"जमादारजी, मैं आपको याद करेगा."

"करेगी," पुंजारामनं सुधारलं. "बाई हाय तू. करेगी म्हण."

"करेगी," गंगा म्हणाली आणि उतरू लागली. तिन्ही शांतींनी वळून हात हलवले. ती रांग वळणाआड जाईपर्यंत पुंजाराम तिथंच उभा राहिला, तोंड त्यांच्याकडं करून.

ठाण्यात परतला तेव्हा दुपार कलली होती. शिपाई गस्तीला गेले होते. फौजदार एकटेच लिंबाखाली जमिनीवर बसले होते. टोपी बाजूला. पुंजारामनं हिप्पी गेल्याची वर्दी दिली.

"बसा, जमादार," फौजदार म्हणाले.

पुंजाराम बसला. मग फौजदार लिंबाची काडी हातात फिरवत म्हणाले, "त्या दिवशी काठी माझ्यापाशी आली आणि साहेब आले. माझं बोलायचं राहूनच गेलं."

"मग बोला की आता."

"काही विशेष नाही हो." फौजदारांनी इकडंतिकडं बघितलं. "टेकाळीत येऊन सहा महिने झाले. कोणी नावानं हाक मारत नाही. आई नाना म्हणते. इथं सगळे साहेब म्हणतात. बरं, कोणी पूर्ण नाव घेतलं, नानासाहेब म्हटलं, तरी मला वाटतं, हुद्द्यालाच हाक मारतायत. आईबापानं नावातच साहेब घालून ठेवलाय. काय करू?"

पुंजाराम हसला नाही. काठी हातात असलेल्या माणसाचं ऐकायचं असतं, हे तो शिकला होता. ऐकून झाल्यावर तो उठला, आत जाऊन स्टोव्ह पेटवला, आधण ठेवलं. मग दारातून डोकं काढलं. इतक्या वर्षांची नोकरी त्याच्या जिभेवर बसलेली. त्यानं घसा खाकरला.

"चहात साखर किती घालू, नाना..." तो थांबला. पुढचं 'साहेब' ओठापर्यंत आलं होतं. मोठ्या मुश्किलीनं त्यानं ते गिळलं.

फौजदारांनी वर बघितलं. "दोन चमचे," ते म्हणाले. "आणि तुम्हालाही टाका."